समोरच्या घरचं भांडं

आई,

गेल्या शनिवारी सकाळी पूजा आटोपल्यावर मी स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या कपाटातून काचेचं एक पसरट भांडं खाली काढलं आणि धुतलं. ते तसं स्वच्छच होतं. थंडीपासून त्याला कुणी हात लावला नव्हता, वर थोडी धूळ बसली होती एवढंच. शारजात खिडक्या कितीही घट्ट लावा, वाळू आत येतेच. पण मी साबण लावून ते दोनदा घासलं, पालथं घालून निथळू दिलं आणि समोर स्टूल ओढून बसलो. भांड्याच्या बुडाला बाहेरून पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे आणि तिच्यावर एका बाईचं आडनाव लिहिलेलं आहे. धुताना ती पट्टी भिजू नये म्हणून मी तिच्यावर तळवा धरून होतो. तुझी मोठी सून दारात उभी राहून हे सगळं बघत होती. म्हणाली, "उतरवलंत एकदाचं! दुसऱ्याचं भांडं असं दडवून ठेवणारं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं." तिनं जवळ येऊन ते पुसलं आणि म्हणाली, "आता रिकामं पाठवू नका म्हणजे झालं." ती तुझ्या हाताखाली दोनच वर्षं होती, पण बोलते अगदी तुझ्यासारखी.

हे भांडं कुणाचं आणि माझ्याकडे कसं आलं, ते सांगायचं तर आधी दुसरं काही सांगावं लागेल, आणि ते लिहायला हात उचलत नाही. तुझा धाकटा गेला, आई. या फेब्रुवारीत. तुला ते माझ्याआधी कळलं असेल, अशी माझी श्रद्धा आहे. तुमची भेट झाली असेल आणि तू त्याला आधी जेवायला वाढलं असशील. तरी माझ्या तोंडून सांगायला हवं, कारण जाताना तू त्याला माझ्या हवाली केलं होतंस. "धाकट्याला एकटं पडू देऊ नकोस," एवढंच म्हणाली होतीस. मी हो म्हणालो, आणि वर्षाच्या आत तो अमेरिकेला गेला व मी दुबईत नोकरी घेऊन इकडे शारजाला आलो. आमच्या दोघांमध्ये निम्मी पृथ्वी आली. माझ्या मनात तेव्हापासून एकच होतं, की आपला भाऊ तिकडे एकटा आहे.

तो राहायचा ते गाव तू बघायला हवं होतंस. अमेरिका म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं तसं तिथे काहीच नाही. एक मोठी संथ नदी, तिच्या काठाला धरून दोन समांतर रस्ते, धान्याची उंच कोठारं, एक शाळा, तीन चर्च आणि टेकडीवर पाण्याची टाकी. तो गावाच्या पाणीखात्यात होता. नदीचं पाणी शुद्ध करून त्या टाकीत चढवायचं आणि घरोघर सोडायचं, हे त्याचं काम. तू दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन नदीचा चढ चढायचीस. तुझा मुलगा सगळ्या गावाला घरात पाणी देत होता. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानं मला पहिल्यांदा ती टाकीच दाखवली, आणि मग साऱ्या गावात पायी फिरवलं. वाचनालयात नेलं. तिथे पुस्तकांबरोबर मासेमारीच्या काठ्या, केकचे साचे आणि बर्फ ओढायची फावडीसुद्धा घरी न्यायला मिळतात. धाकटी सून तिथेच कामाला आहे, लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवते. मग आगीचा बंब दाखवला. त्यावर पगारी माणूस एकही नाही. भोंगा झाला की न्हावी कात्री ठेवून धावतो आणि शाळेचा मास्तर खडू ठेवून. म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारी गावाची एक छोटी गाडी आहे. नदीकाठच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत आणि त्या भिंतीखालच्या बागेत शुक्रवारी संध्याकाळी लोक घरून खुर्च्या आणून गाणं ऐकत बसतात. दुपारी बाराला गावाचा भोंगा वाजतो, तेव्हा धाकटा घड्याळाकडे बघून मान डोलवायचा, जणू त्यानंच तो वाजवला.

मला चिडवायची संधी तो सोडत नसे. मी दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये इमारतींची देखभाल बघतो, हे तुला ठाऊक नाही. लिफ्ट, पंप, पोहण्याचा तलाव, व्यायामाची खोली, या सगळ्या सोयींना इकडे ॲमेनिटीज म्हणतात आणि अशा इमारतींच्या झुंडीला कम्युनिटी म्हणतात. जाहिरातीत तोच शब्द मोठ्या अक्षरांत असतो. धाकटा म्हणाला, "दादा, तुम्ही तिकडे जे विकता ते आमच्या गावात फुकट मिळतं." मी म्हणालो, "मी विकत नाही बाबा, बिघडलं तर दुरुस्त करतो फक्त." तो हसून म्हणाला, "मग इथेच ये. इथे रोज काहीतरी बिघडतं, पण दुरुस्त करायला सगळे येतात." मी तेव्हा हसलो. मनात म्हणालो, चार गोरी माणसं रस्त्यात हात हलवतात म्हणून काय ती आपली होतात?

त्याच्या घरासमोरच्या घरातली म्हातारीही तेव्हाच भेटली. नवरा गेलेला, मुलगा दूरच्या राज्यात. धाकटा तिचं गवत कापायचा, पन्हाळी साफ करायचा आणि थंडीत तिच्या दारापुढचा बर्फ ओढायचा. मी म्हणालो, "अरे, तू इंजिनिअर आहेस की गडी?" तो म्हणाला, "तिच्या पायांत जोर नाही, माझ्या हातांत आहे. एवढा काय विचार करायचा त्यात?"

फेब्रुवारीत एका सकाळी तो तिचाच बर्फ ओढत होता, आई. तिथेच फावड्यावर वाकला आणि पुन्हा उठला नाही.

आमच्याकडे तेव्हा संध्याकाळ होती. मी टॉवरच्या तळघरात पंपाच्या खोलीत होतो. फोन ठेवला आणि मला पंपाचा आवाजच ऐकू येईना. माझ्या हाताखाली बिहारचा एक प्लंबर आहे, मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पात राहतो. त्यानं काही न विचारता मला उलट्या बादलीवर बसवलं, थर्मासमधला चहा ओतला आणि आपल्या डब्यातल्या पराठ्याचा तुकडा मोडून माझ्या हातात ठेवला. "साब, एक कौर खा लीजिए. आगे लंबा रास्ता है." मी तो खाल्ला. त्याच्या हाताला काळं ग्रीस होतं आणि पराठ्यालाही लागलं होतं. मी मुकाट्यानं खाल्ला. हे मला पुढे फार आठवलं.

उन्हाळ्याच्या प्रवासाचा व्हिसा पासपोर्टवर होताच, म्हणून मी लगेच निघू शकलो. पोचलो तेव्हा त्याच्या घराच्या ओट्यावर बर्फ नव्हता. कुणीतरी ओढून ठेवला होता. आत स्वयंपाकघरात भांडीच भांडी. काचेची, पत्र्याची, चिनीमातीची, वर झाकणं आणि प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर घराचं नाव. त्या गावात कुणाच्या घरी माणूस गेलं की शेजारी स्वयंपाक करून आणतात. कुणी कोणत्या दिवशी आणायचं हे आपसांत ठरवून घेतात, म्हणजे घरच्यांना चुलीकडे बघावं लागू नये. शाकाहारी घर आहे हे बघून बटाट्याचं, राजम्याचं, मक्याचं करून आणलं होतं. धाकटी सून टेबलाशी बसली होती आणि माझी बारा वर्षांची पुतणी तिला चमच्यानं भरवत होती. दुपारी बाराचा भोंगा वाजला. खोलीतल्या सगळ्यांनी काही क्षण हातातली कामं थांबवली. तेवढ्यात समोरची म्हातारी काठी टेकत आली. मागे एका माणसानं तिचं भांडं धरलं होतं. ती धाकटीला धरून म्हणाली, मी त्याला नको म्हटलं होतं, उद्या कर म्हटलं होतं. एवढंच पुन्हा पुन्हा. धाकटीनं तिच्या भांड्यातलं वाढून घेतलं आणि खाल्लं. माझ्यापुढेही ताट ठेवलं. मी म्हणालो, माझा उपास आहे. उपास नव्हता.

तुला वाड्याच्या बांधापलीकडची ती बाई आठवते का, जिच्याशी आपल्या घराचं कधी पटलं नाही? वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो. सुतकात आपल्या घरी चूल पेटणार नव्हती आणि आळीतल्या बायका पिठलं-भाकरी घेऊन येत होत्या. पहिला कडू घास कुणाच्या हातचा, तर नेमकी ती बाई जर्मनचं पातेलं घेऊन सगळ्यांच्या आधी आली. मी ताट लोटलं. म्हणालो, हिनं वडिलांना शिव्या दिल्या होत्या, मी हिचं खाणार नाही. धाकटा तुझ्या मांडीवर होता, त्यानं मात्र चिमणीच्या पिल्लासारखं तोंड उघडलं आणि तिनं त्याला भरवलं. तू माझं मनगट पकडलंस. तुझ्या हातांत बांगड्या नव्हत्या, मला ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. म्हणालीस, "कडू घास नाकारायचा नसतो. देणाऱ्याचा हात बघू नये, भाकरीकडे बघावं." मी रडत रडत खाल्लं. आणि तू स्वतः गावात कुणाकडेही गेलीस की नुसतं पातेलं ठेवून परत फिरायची नाहीस. घरातल्या बाईनं एक घास गिळेपर्यंत तिच्यासमोर मांडी घालून बसायचीस. आम्ही दोघं दाराशी ताटकळत असू आणि तू बसलेलीच.

हे सगळं मला त्या अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात बसून आठवत होतं, तरी मी ते ताट लोटलं.

पुढच्या दिवसांत भांडी रिकामी होत गेली आणि धाकटी ती धुऊन ज्याची त्याला देत राहिली. मी तिला अडवलं. म्हटलं, रिकामं भांडं परत देऊ नये, आणि सुतकात आपल्या घरचं काही त्यात घालून देता येत नाही, तेव्हा तेराव्यापर्यंत थांब. ती थकलेली होती, म्हणाली, "दादा, त्यांना लागतात हो भांडी." तरी माझं ऐकून शेवटची काही ठेवली. बाहेर लोकांना काय वाटलं असेल? ज्यांनी दिली त्यांचीच भांडी आम्ही अडवून बसलो. आणि तेराव्याआधीच माझी रजा संपली. निघायच्या सकाळी ती म्हणाली, "एवढं समोरच्या आजींचं तेवढं देऊन या, गोड काही मी नंतर नेऊन देईन." मी भांडं घेऊन रस्ता ओलांडला. काचेतून म्हातारी दिसत होती, खुर्चीत बसलेली, पायांवर चादर. तिच्या दारापुढे बर्फ साचला होता आणि त्यात फावड्याची जुनी खूण अर्ध्यावर थांबली होती. ती माझ्या भावाची असेल की दुसऱ्या कुणाची, देव जाणे. मी दार वाजवलं नाही. परत आलो, भांडं टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातलं आणि धाकटीला म्हणालो, दिलं.

इकडे आल्यावर मी स्वतःला हेच सांगत राहिलो की मी रीत पाळली. रिकामं कसं देणार होतो? पण रीत पाळणारा माणूस भांडं चोरून आणत नाही, हे मला विमानातच कळलं होतं.

मग मी धाकटीच्या मागे लागलो. दर शुक्रवारी फोन. पुण्यात या, घर बघून ठेवतो. नाहीतर इथे शारजात या, मुलीची शाळा बघतो, इथे आपली माणसं आहेत, गणपती आहे, हळदीकुंकू आहे. ती म्हणायची, बघू. मी म्हणायचो, "बघू काय? तिथे तुझं कोण आहे?" पहिल्यांदा हा प्रश्न मी तिथल्या स्वयंपाकघरातच विचारला होता. तेव्हा ती उठून फक्त फ्रिजचं दार उघडून उभी राहिली होती. आत वरपासून खालपर्यंत लोकांची भांडी. "दादा, बघा कोण कोण आहे." मला वाटलं, दुःखात माणूस असं बोलतं. फोनवरचं तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. मुलगी फोन घ्यायची तर इंग्रजीतच बोलायची, "काका, आय हॅव बँड ऑन फ्रायडेज." ती शाळेच्या बँडमध्ये सनई की काय तसलं वाजवते. गावच्या त्याच बागेत, पुराच्या भिंतीखाली. मला राग यायचा. तुझ्या शब्दाचा मला आधार होता ना. एकटं पडू देऊ नकोस, तू म्हणाली होतीस. त्याच्या माणसांना तरी एकटं कसं पडू देऊ? तुझी मोठी सून एकदा वैतागून म्हणाली, "तिला तिथून उचलून इथे आणून कुठे ठेवणार? आपल्या मजल्यावर समोर कोण राहतं, त्याचं नाव सांगा बरं." त्या माणसाला रोज लिफ्टमध्ये सलाम करतो, पण नाव माहीत नाही.

गेल्या गुरुवारी, एक दिवस आधीच, फोन केला तर पुतणीनं उचलला. म्हणाली, आई घरी नाही, समोर गेलीय. समोर म्हणजे कुठे? तर त्या म्हातारीकडे. ती घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, दवाखान्यातून परत आली आहे. गावानं तिच्या जेवणाच्या पाळ्या लावल्या आहेत आणि गुरुवार आमचा आहे. मी म्हणालो, "मग ठेवून यायचं ना डबा. इतका वेळ काय करते तिथे?"

पुतणी म्हणाली, "नो काका, शी वोन्ट ईट अलोन. सो मम्मा सिट्स विथ हर टिल शी ईट्स."

पुतणी दोनदा म्हणाली, "काका? आर यू देअर?"

आई, तिला हे कुणी शिकवलं? तुझ्या घरात तर ती कधी आलीच नाही. तिचं लग्न झालं तेव्हा तू नव्हतीस. धाकट्यानं सांगितलं असेल, दाराशी ताटकळल्याचं. किंवा कुणी शिकवावं लागत नसेल. ज्या बाईच्या दारात तिचा नवरा गेला, त्या बाईसमोर ती बसलीय आणि घास गिळायची वाट बघतेय. आणि मी तिचा मोठा दीर, रोज देवापुढे दिवा लावणारा, त्याच बाईचं भांडं वरच्या कपाटात ठेवून बसलोय.

म्हणून शनिवारी ते उतरवलं. मोठ्या सुनेनं तळाला साखर पसरली आणि म्हणाली, आधी साखर, मग वर काय हवं ते. वर खजूर भरला, चांगला, बंद पाकिटातला. कुरिअरच्या दुकानात हैदराबादचा माणूस होता. भांडं बघून म्हणाला, "चाचा, इतने में तो नया आ जाएगा, वो भी चार." मी म्हणालो, "यही जाना है." त्यानं खांदे उडवले, इकडच्या अरबी ढंगात म्हणाला, "खलास, आपकी मर्जी," आणि फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये ते इतकं गुंडाळलं की कुणाच्या घरचं तान्हं बाळ वाटावं. पत्ता लिहिताना मी धाकट्याच्या घराचा नाही, समोरच्या घराचा लिहिला.

मग गाडीत बसूनच धाकटीला फोन केला. तिकडे अजून उजाडायचं होतं, पण ती जागी होती. मी म्हणालो, "तू तिथेच राहा. मुलीला तिथेच वाढू दे. मी परत हा विषय काढणार नाही. उन्हाळ्यात मी येईन, तेव्हा तुझ्या गुरुवारी मीही समोर येऊन बसेन." मग तिनं विचारलं, "सासूबाईंना काय वाटलं असतं हो, दादा? आम्ही अशा परमुलखात राहिलेल्या?" तो प्रश्न ती बहुतेक वर्षानुवर्षं मनात धरून होती. मी लगेच म्हणालो, "आईनं हेच सांगितलं असतं. राहा म्हणाली असती."

हे पत्र मी कुठे पाठवणार? पाठवायला पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण तू वाचून मला जाब विचारशील. तू खरंच तसं म्हणाली असतीस की नाही, मला ठाऊक नाही, आई. मी ते तुझ्या नावावर खपवलं.